चाळीस मुलं आणि एक पॉज

व्हिडिओ संपला तेव्हा वर्गात इतकी शांतता होती की मला वाटलं, पोरं भारावून गेलीत. पडदे सरकवले, उजेड आत आला आणि खरा प्रकार कळला. मागच्या बाकावरचे दोघे चक्क झोपले होते. मधल्या रांगेत फुली-गोळा रंगला होता. पहिल्या बाकावरच्या मुली माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू माझी लाज राखायची जबाबदारी त्यांच्यावर आली होती. व्हिडिओ बावीस मिनिटांचा. विद्युतधारेवरचा, सुरेख बनवलेला आणि फुकट. आदल्या रात्री तो शोधण्यात माझे दोन तास गेले होते.

तरी मी नेटाने विचारलं, "बॅटरीतून निघालेली धारा दिव्यात शिरते. दिव्यातून बाहेर पडते तेव्हा ती तेवढीच असते, की कमी होते?"

"कमी!" अख्खा वर्ग एका सुरात.

चौदाव्या मिनिटाला त्या व्हिडिओत नेमकं हेच सांगितलं होतं, की ती तेवढीच असते. चित्र काढून, बाण दाखवून सांगितलं होतं.

त्या दिवशी मी मुलांवर चिडले, हे कबूल करते. वर्गात शिकवायला फुकट साइट वापराव्यात की नाही, हा प्रश्न तेव्हा माझ्यापुरता निकालात निघाला होता. पण निकाल फिरला, आणि तो फिरायला सल खान यांची एक जुनी गोष्ट कारण ठरली. त्यांची खान अकॅडमी, म्हणजे मोफत धड्यांची साइट, आज सगळ्यांना ठाऊक आहे. ती सुरू कशी झाली हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं आणि सोडून दिलेलं असतं. 2004 साली हे गृहस्थ नात्यातल्या नादिया नावाच्या मुलीला फोनवरून गणित शिकवत होते. ते एका गावी, ती दुसऱ्या. मग तिच्यामागून आणखी भावंडं आली, वेळा जमेनात, म्हणून 2006 मध्ये त्यांनी धडे रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकले. 2008 मध्ये संस्था झाली. 2011 साली एका जाहीर भाषणात त्यांनी सांगितलं, की भावंडांची पहिली प्रतिक्रिया अशी होती: तू समोर असण्यापेक्षा यूट्यूबवरच बरा वाटतोस.

लोक हसले. मीही पहिल्यांदा हसलेच होते. पण त्यात हसण्यासारखं काही नाही. व्हिडिओतला माणूस थांबवता येतो. मागे नेता येतो. तीच गोष्ट पाचव्यांदा ऐकली तरी तो "अजून नाही कळलं?" असं म्हणत नाही. नादियाच्या हातात पॉजचं बटण होतं. माझ्या वर्गात चाळीस मुलं होती, पॉज एकच होता, आणि तो माझ्या टेबलावर होता. मी तो बावीस मिनिटांत एकदाही दाबला नाही. शिवाय अंधार केला होता, म्हणजे कुणाचा चेहरा गोंधळला हेही मला दिसायची सोय नव्हती.

म्हणजे घरी एकट्याने बघायची वस्तू मी चाळिसांना एकदम पाजली होती. खोट साइटची नव्हती, बिचारी ती.

पुढच्या आठवड्यात तोच धडा पुन्हा काढला. या वेळी 'फेट' उघडलं, म्हणजे पडद्यावरच प्रयोग करून बघायची मोफत साइट. कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वायमन यांनी 2002 साली हा प्रकल्प सुरू केला. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. नोबेल मिळालेला माणूस शाळेतल्या मुलांसाठी बॅटरी-दिव्याचा खेळ करत बसतो, याचं मला अजूनही कौतुक वाटतं. सुरुवात भौतिकशास्त्रापासून झाली; आता तिथे गणित, रसायन, जीवशास्त्रही आहे, आणि बऱ्याच सिम्युलेशनचं मराठीही झालेलं आहे. मला हवा होता परिपथ (सर्किट) जोडायचा संच. टोपलीतून वायर ओढायची, बॅटरी ओढायची, दिवा ओढायचा, टोकाला टोक भिडवलं की जुळतं.

पण या खेपेला मी आधी वह्या उघडायला सांगितल्या. पडद्यावर एक दिवा, एक बॅटरी, वायर अजून जोडलेली नाही. दिव्याच्या अलीकडे धारा मोजणारा एक अमीटर, पलीकडे एक. "दोन्ही आकडे किती येतील ते लिहा. पेनने लिहायचं, खोडायचं नाही." पेनने म्हटल्यावर वर्गाचा रंगच बदलला. पेन्सिलीने मत बनत नाही.

बहुतेकांनी अलीकडे मोठा आणि पलीकडे लहान आकडा लिहिला. मग एका मुलाला बोलावून शेवटची वायर जोडायला लावली. निळे ठिपके, म्हणजे तारेतले इलेक्ट्रॉन, हलू लागले, दिवा लागला. अलीकडे 0.90. पलीकडे 0.90.

"हे खोटंय," तिसऱ्या बाकावरून एक मुलगी म्हणाली.

हे वाक्य मला बावीस मिनिटांच्या व्हिडिओने दिलं नव्हतं. व्हिडिओ खोटा वाटायला आधी आपण काहीतरी खरं मानलेलं असावं लागतं, आणि तेही पेनने.

पुढे तासभर आम्ही एवढंच केलं. दुसरा दिवा पाठोपाठ जोडला. पुन्हा वह्या. आता बहुतेकांचं म्हणणं, पहिला दिवा जास्त उजळेल, उरलीसुरली वीज दुसऱ्याला. जोडलं, दोन्ही सारखेच मंद, आणि सगळीकडे 0.45. वायर तोडली, तर सगळे ठिपके एकाच क्षणी थबकले, बॅटरीजवळचेसुद्धा. इथे एक मुलगा उठून पडद्याजवळ गेला. त्याला वाटलं होतं की तुटलेल्या जागेपलीकडचे थांबतील आणि अलीकडचे येऊन तिथे साचतील. मग त्यानेच विचारलं, की हे ठिपके इतके हळू चालतात तर बटण दाबल्याबरोबर दिवा कसा लागतो? मी म्हटलं, खऱ्या तारेत ते याहूनही हळू सरकतात, सेकंदाला एक मिलिमीटर म्हणजे खूपच झालं. पण तार त्यांनी आधीच भरलेली असते. भरलेल्या नळीत एका टोकाने पाणी ढकललं की दुसऱ्या टोकाने लगेच बाहेर येतं. ढकललेलंच पाणी तिथवर पोचावं लागत नाही. हे उदाहरण मी पंधरा वर्षं देत आलेय. मुलाने प्रश्न विचारल्यानंतर ते द्यायची वेळ क्वचित आली.

अर्थात निम्म्या वर्गाला खरी गोडी लागली ती बॅटरीची दोन टोकं नुसत्या वायरने जोडली की ज्वाळा निघतात त्याची. तेही करू दिलं. खऱ्या बॅटरीवर ते करू देता येत नाही.

खऱ्या वस्तूंचं काय, असा आक्षेप शिक्षकांच्या खोलीत लगेच आलाच. रास्त आहे. कोलोरॅडोतल्याच संशोधकांनी 2005 मध्ये एक तुलना प्रसिद्ध केली होती. भौतिकशास्त्राच्या सुरुवातीच्या अभ्यासक्रमातल्या काही विद्यार्थ्यांनी खऱ्या साहित्यावर प्रयोग केले, काहींनी याच तऱ्हेच्या सिम्युलेशनवर. नंतर दोघांनाही खरा परिपथ जोडून समजावून सांगायला लावलं, तर सिम्युलेशनवाले सरस ठरले. ते कॉलेजचे विद्यार्थी होते, माझी पोरं लहान आहेत, म्हणून मी त्याचा झेंडा करत नाही. शेवटी मी खरे सेल आणि खरे दिवे काढलेच, आणि त्यातले तीन दिवे लागले नाहीत. होल्डर ढिला, तार आतून तुटलेली, सेल उतरलेला. पडद्यावरच्या जगात ढिला होल्डर नसतो. दोष शोधायला शिकायचं तर ढिला होल्डरच लागतो.

त्यानंतर मला या गोष्टींची चटक लागली, आणि ऑफ तासांनी ती पुरवली. इतर विषयांचे शिक्षक रजेवर गेले की तास घ्यायला विज्ञानाच्या बाईच मोकळ्या सापडतात.

इतिहासाचा असाच एक तास आला. धडा प्रबोधनकाळाचा, त्यात गॅलिलिओवर अडीच ओळी: दुर्बीण, गुरूचे चंद्र, चर्चशी वाद. मला मोह आवरला नाही. स्टेलारियम नावाची आकाशदर्शनाची मोफत प्रणाली आहे. जागा आणि वेळ दिली की त्या क्षणीचं आकाश समोर येतं. मी जागा दिली गॅलिलिओचं इटलीतलं पादुआ, तारीख 7 जानेवारी 1610, संध्याकाळ. गुरूवर जाऊन मोठं केलं. शेजारच्या खिडकीत गॅलिलिओच्याच पुस्तकाचं स्कॅन केलेलं पान उघडलं. मार्च 1610 मध्ये छापलेलं, लॅटिनमधलं. भाषा कुणालाच येत नव्हती, पण चित्र वाचायला लॅटिन लागत नाही: मध्ये एक गोल, पूर्वेला दोन चांदण्या, पश्चिमेला एक.

"बाई, त्याने तीन काढलेत. इथे चार आहेत."

मी काही बोलले नाही. (हे मला फार उशिरा जमायला लागलं.) वर्गात दोन तट पडले. एकांचं म्हणणं गॅलिलिओ चुकला, दुसऱ्यांचं म्हणणं कॉम्प्युटर चुकला. शेवटी एकीने सुचवलं, जरा लहान करून बघा ना. गुरू लहान करत गेलो, तसे पूर्वेकडचे दोन ठिपके एकमेकांत मिसळले आणि तीनच उरले. त्याची दुर्बीण साधारण वीसपट मोठं दाखवणारी. आयो आणि युरोपा हे दोन चंद्र त्या रात्री इतके जवळ होते की त्याला ते मिळून एकच दिसले. तो चुकला नव्हता. त्याला दिसलं तेवढंच त्याने काढलं होतं. चौथं टिंब त्याला 13 जानेवारीला मिळालं.

मग एकेक दिवस पुढे सरकवत गेलो. 8 जानेवारी: त्याच्या चित्रात तिन्ही पश्चिमेला. म्हणजे तारे मागे स्थिर असतील तर गुरूच उलट्या दिशेने सरकला म्हणायचा. तेव्हाचं गणित तसं सांगत नव्हतं. गॅलिलिओलाही हाच पेच पडला होता. आता 9 तारखेला काय दिसेल? वह्यांत चित्रं काढून झाली, मी एक दिवस पुढे केलं, पडद्यावर आकाश लख्ख. आणि पुस्तकात 9 तारखेचं चित्रच नाही.

"पान फाटलंय का?"

पान फाटलं नव्हतं. त्या रात्री ढग होते, असं त्याने लिहून ठेवलंय. इतका अधीर झालेला माणूस, दुर्बीण तयार, आणि आकाश झाकलेलं. त्याला 10 तारखेपर्यंत थांबावं लागलं. आमच्या पडद्यावर ढग नव्हतेच. एक बटण दाबलं की दुसरी रात्र. मुलांना ती ढगाळ रात्र फार आवडली, चार चंद्रांपेक्षाही जास्त. एकाने वहीत 9 तारखेच्या चौकटीत ढग काढला आणि त्याखाली गॅलिलिओचा वैतागलेला चेहरा.

तो तास इतिहासाचा झाला की विज्ञानाचा, हे रजेवरून परतलेल्या सरांना मी नीट सांगू शकले नाही. अडीच ओळींना पूर्ण तास लागला, एवढं मात्र त्यांनी ऐकून घेतलं आणि सुस्कारा टाकला.

भूगोलाचं थोडक्यात सांगते, कारण तिथे साइटनेच सगळं केलं. भिंतीवरच्या जगाच्या नकाशात ग्रीनलंड आणि आफ्रिका जवळपास सारखे दिसतात. 1569 साली मर्केटरने जहाजांना दिशा धरून जाता यावं म्हणून ती आखणी केली. त्यात दिशा साधल्या, पण ध्रुवांकडचे प्रदेश फुगले. 'द ट्रू साइझ' या साइटवर देश बोटाने उचलून दुसरीकडे नेता येतो. ग्रीनलंड उचलून विषुववृत्तावर आणलं की ते आक्रसतं. आफ्रिकेत अशी चौदा ग्रीनलंडं बसतात. पाच मिनिटं. लॅपटॉप बंद केला आणि उरलेला तास भिंतीवरच्या नकाशासमोर उभं राहून भांडण्यात गेला.

गणिताच्या तासाला मात्र मी तोंडावर आपटले. जिओजिब्रा हे मार्कुस होहेनवार्टर यांनी साल्झबुर्ग विद्यापीठात असताना 2001च्या सुमारास सुरू केलेलं मोफत साधन आहे; त्रिकोणाचा शिरोबिंदू धरून ओढला की सगळी आकृती सोबत हलते. मी ऐटीत त्रिकोण काढला, तिन्ही कोन दाखवले, शिरोबिंदू इकडेतिकडे फिरवला, "बघा, कसाही ओढा, बेरीज 180." मागून आवाज आला, "बाई, 179.99." कोन दोन दशांश स्थळांपर्यंत दाखवत होता, तिन्ही आकडे पूर्णांकित झाले की बेरीज एखाद्या शतांशाने चुकते. मी घाईघाईने दशांश वाढवले. तेव्हा अजून बारीक चूक निघाली. मुलांना ऊत आला. हजार त्रिकोण ओढून बघितले तरी 180 सिद्ध होत नाही, हे मला शिकवायचं नव्हतंच, ते आपसूक शिकवून झालं. शेवटी फळ्यावर जाऊन शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढली, व्युत्क्रम कोन दाखवले, आणि त्या रेषेने जे केलं ते पडद्याला जमलं नव्हतं. त्या दिवशी प्रथमच एका मुलाने आपणहून "सिद्धता" हा शब्द वापरला. एरवी तो शब्द परीक्षेच्या आदल्या दिवशीच निघतो.

भाषेच्या शिक्षिका माझी मैत्रीण. त्यांना या सगळ्याचा तिटकारा, आणि त्यांचं कारण पोकळ नाही: मुलं विकिपीडियावरून उतारे उचलून निबंध करतात. मी त्यांना लेख दाखवलाच नाही, त्यावरचा इतिहासाचा टॅब दाखवला. विकिपीडिया 2001 मध्ये सुरू झाला, मराठीतला 2003 मध्ये, आणि तिथे झालेला जवळजवळ प्रत्येक बदल कुणी केला, कधी केला, काय खोडलं, हे सारं जपून ठेवलेलं असतं. छापील पुस्तकाचं असं पोट आपल्याला कधी दिसत नाही. बाईंनी दोन जुन्या आवृत्त्या शेजारी ठेवल्या आणि मुलांना विचारलं, हे विशेषण कुणीतरी काढून टाकलं, का काढलं असेल? "महान" काढून साल घातलं होतं. त्यावर त्यांनी अख्खा तास घेतला. पुढच्या निबंधात नक्कल कमी झाली का, हे मी त्यांना विचारलं नाही. पण "महान" कमी झालं, असं त्या स्वतःहून म्हणाल्या.

हे सगळं गोडगोड वाटू नये म्हणून माझ्या निळ्या वहीची गोष्ट सांगायला हवी. दहा-बारा वर्षं मी त्या वहीत कामाच्या लिंक हाताने उतरवत होते. हृदयाचे कप्पे, ज्वालामुखी, पेशीविभाजन. त्यातल्या बऱ्याचशा गोष्टी फ्लॅश या ब्राउझरमधल्या जुन्या प्रणालीवर चालणाऱ्या. 2020 अखेर फ्लॅश बंद होणार, हे तीन वर्षं आधीच जाहीर झालं होतं. मी वाचलंही होतं, आणि कानाआड केलं होतं. 2021च्या जानेवारीत वही उघडली तर पानंच्या पानं मेलेली. चूक माझीच, दुसऱ्याच्या अंगणातल्या झाडाला मी माझं झाड समजत होते. काही परत मिळालं. इंटरनेट आर्काइव्ह या 1996 पासून चालत आलेल्या ग्रंथालयाने जुन्या फ्लॅशच्या गोष्टी रफल नावाच्या साधनातून चालवून जपायला घेतल्या आहेत. तिथे माझा एक ज्वालामुखी सापडला. बाकीचे गेले.

तेव्हापासून मोफत आणि मुक्त हे दोन शब्द मी वेगळे धरते. मोफत म्हणजे बघायला पैसे पडत नाहीत. उद्या दार लावलं तर बाहेर. मुक्त म्हणजे उतरवून घ्या, जपा, बदला, वाटा, फक्त मूळ कर्त्याचं नाव ठेवा. अशी मुभा देणारे क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने 2002 पासून आहेत आणि पानाच्या तळाशी त्यांची बारीक खूण असते; आता मी व्हिडिओ बघण्याआधी पान खाली सरकवून ती खूण बघते. फेटचे नवे संच एकेका फाइलच्या रूपात उतरवता येतात आणि नेट नसताना चालतात, म्हणून ते पेनड्राइव्हवर आहेत. आणि जी साइट वर्गातल्या मुलांची नावं, ईमेल, जन्मतारखा मागितल्याशिवाय आत घेत नाही, ती मी फुकट धरतच नाही.

व्हिडिओ सोडले असं नाही. ते घरी पाठवते, सोबत एकच काम: जिथे थांबवावंसं वाटलं तो मिनिट लिहून आणा. पहिल्या खेपेला निम्म्यांनी काहीच आणलं नाही, काहींनी एकमेकांचं बघून एकच मिनिट आणला. पण आठदहा जणांनी खरोखर आणला, आणि त्यातल्या पाच जणांचा तो सात मिनिटांच्या आसपासचा निघाला. दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही फक्त तेवढाच अर्धा मिनिट बघितला. चारदा.

परवा पुन्हा विद्युतधारेचा धडा होता, नवी तुकडी. तेच 0.90, तेच "खोटंय". तास संपत आला होता, मी लॅपटॉपकडे हात नेला, तेवढ्यात एकजण म्हणाला, "बाई, थांबा. बंद नका करू." त्याची वही अर्धवट लिहिलेली. "जेवढी धारा जाते तेवढीच परत येते ना? मग बॅटरीतलं संपतं काय?"

उत्तर मला येत होतं. ऊर्जा, रसायनं, सगळं. पण घंटा झाली आणि अर्धा वर्ग दाराशी पोचला.

"हिची कधी संपते ते बघू," तो पडद्याकडे बोट करून म्हणाला. ती बॅटरी कधीच संपत नाही, तशी ती बनवलेलीच नाही, हे मी सांगितलं नाही. मधल्या सुट्टीभर लॅपटॉप तसाच चालू ठेवला. सुट्टी संपल्यावर तो सगळ्यांच्या आधी आत आला. निळे ठिपके फिरतच होते, दिवा तेवढाच उजळ. तो बराच वेळ बघत उभा राहिला, मग माझ्या खणातून न विचारता एक खरा सेल काढला, दिवा काढला, तारा जोडल्या आणि घड्याळ बघून वहीत वेळ लिहिली.